आप्पांची सहावी माघार

“पयले माघार लिखी ल्या, मंग अर्ज.”

सोसायटीची निवडणूक लागली की आप्पा माझ्या टेबलासमोर उभे राहून एवढंच म्हणायचे. आधी माघार लिहून घ्या, मग अर्ज. जगात माणूस आधी घोड्यावर बसतो आणि मग उतरतो. आप्पा आधी उतरून घ्यायचे. दोन्ही कागदांवर सावकाश सही करायचे, पेनाला स्वतः टोपण लावायचे आणि ते पेन माझ्याच खिशात नीट खोचून द्यायचे. मग म्हणायचे, झालं आपलं काम, आता पाच वर्षं सुट्टी.

मी तापीकाठच्या एका गावात लिफ्ट सोसायटीचा सेक्रेटरी होतो. लिफ्ट म्हणजे नदीतून पाणी उचलून पाइपाने शेतोशेत पोचवणारी, शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची संस्था. गाव गुजर शेतकऱ्यांचं, केळी-उसाचं. मी मूळचा म्हसावदकडचा, पोटासाठी तिथे चिकटलेला. गावाचं नाव सांगत नाही आणि आप्पांचंही सांगत नाही. त्यात त्यांना झाकायचा हेतू नाही. झाकायचं असेल तर माझंच काहीतरी आहे, ते पुढे येईल.

आमच्याकडे संचालक कसे ठरायचे ते सांगितल्याशिवाय आप्पा तुम्हाला कळायचे नाहीत. कागदावर निवडणूक असायची, पण मतपेटी म्हणाल तर तीस वर्षांत मी तिचं तोंड पाहिलं नाही. अर्ज सुटायच्या आधी धर्मशाळेत बैठक व्हायची. पाच-सहा जाणती माणसं भिंतीला टेकून, बाकी गाव समोर. गल्लीप्रमाणे नावं पुकारायची. वरच्या गल्लीची इतकी, मधल्या गल्लीची इतकी. दुसरा चहा यायच्या आत अकरा जागांची अकरा नावं तयार. मत विचारणं वगैरे भानगड नव्हती. वेशीवर बोर्डच होता, ‘सदैव बिनविरोध’. पाहुणेरावळे वाचायचे आणि आम्हाला भरून यायचं.

आता माणसाचं मन काय सांगावं. अर्ज भरला की खुर्ची दिसायला लागते, आणि एकदा दिसली की माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून गावाने एक तोड काढली होती. प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत माघारीच्या कागदावरही सही करून ठेवायची. तारखेची जागा कोरी. ‘माझी माघार माझे सूचक आणून देतील’ असंही त्यावर लिहिलेलं. सूचक म्हणजे ज्याने अर्जावर तुमचं नाव सुचवलं तो, आणि सगळ्यांचे सूचक चेअरमनच्या घरातले नाहीतर चेअरमन स्वतः. ह्या सगळ्या माघारी एका पाकिटात, पाकीट माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला. कुणी ऐनवेळी फिरला तर त्याच्याच सहीने त्याला घरी पाठवता यावं, एवढाच त्याचा उपयोग. तो कधी करावा लागला नव्हता.

अकरा अर्जांबरोबर एक बारावा अर्ज जायचा. तो डमी. छाननीत एखाद्याचा अर्ज उडालाच तर जागा रिकामी राहू नये म्हणून. सगळे पास झाले की डमीने माघार घ्यायची. हा बारावा अर्ज मी नोकरीला लागल्यापासून आप्पांचा. त्यांचे कागद स्वच्छ, कुणाशी वाकडं नाही, मागे भाऊबंदांची फौज नाही. डमीला असा माणूस लाखात एक. संचालक व्हायला मात्र नेमके हेच गुण नडतात.

गावातली पोरं त्यांना तोंडावर डमीआप्पा म्हणायची आणि ते ओ द्यायचे. एकदा छाननीला नवीन साहेब आले होते. त्यांनी नाव पुकारून विचारलं, आपण उमेदवार का? आप्पा उठून उभे राहिले, हात जोडले. “नही साहेब, मी फकत अर्ज शे. उमेदवार त्या शेतस.” साहेबांना हसू आवरेना. आम्हीही हसलो. आज मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते आठवत नाही.

माघारीचा दिवस त्यांचा मानाचा. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. माघार दिली की मोटारसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून शहाद्याला जायचे आणि निवडून आलेल्यांसाठी अकरा हार आणायचे. एका वर्षी हारवाल्याने चुकून बारा बांधले. मंडळींनी गलका केला, घाला आप्पांनाच. कुणीतरी घातलाही. आप्पांनी तो लगेच उतरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि पंपाच्या स्टार्टरला अडकवला. म्हणाले, राबतो तर हाच.

तुम्ही म्हणाल, असा भोळा सांब माणूस, त्याला काय पाहिजे असणार. तेच तर. आप्पा भोळे नव्हते. त्यांना एक गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी पहिल्या अर्जापासून मनात धरून ठेवली होती.

त्यांचं वावर पाइपलाइनच्या शेवटच्या व्हॉलवर, म्हणजे पाणी सोडायच्या शेवटच्या चावीवर होतं. त्यांच्यासारखीच आणखी अकरा खातेदारांची वावरं. पाण्याची पाळी वरून सुरू व्हायची. वीज आठ तास. वरच्यांची केळी भिजून, त्यांच्या बांधावरची गाजरगवतंसुद्धा टरारून वर आली तरी व्हॉल बंद व्हायचा नाही, आणि शेवटच्या व्हॉलची पाळी यायच्या वेळी एकतर वीज जायची नाहीतर पंप तापायचा. वरच्या शेतात उभं राहिलं की केळीच्या गर्दीत माणूस दिसत नसे. शेवटच्या व्हॉलवर कापसाच्या खुरट्या झाडांमधून पार पलीकडचा रस्ता दिसायचा. दरवर्षी बारा जणांचा अर्ज माझ्याकडे यायचा, मी तो मीटिंगपुढे ठेवायचो, आणि मीटिंग म्हणायची, बघू. पाळी ठरवणारे अकराच्या अकरा वरच्या व्हॉलचे. शेवटच्या गल्लीचं नाव धर्मशाळेत कधी पुकारलंच जात नसे.

“मीटिंगमा जो बठस, पानी त्याना मांगे जास,” आप्पा म्हणायचे. चिडून नव्हे. नदी कुठून कुठे वाहते हे सांगावं तसं. आणि दर पाच वर्षांनी चेअरमन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे की ह्या वेळी डमी राहा, पुढच्या वेळी तुमचीच जागा. आप्पांचा त्यावर विश्वास होता की नव्हता, मला कधी कळलं नाही. ते थांबत राहिले, एवढं खरं.

पुढे त्यांचा एकुलता मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात लागला. बायको-पोरं घेऊन एका खोलीत. त्याने बापाला निक्षून सांगितलं होतं, शेवटच्या व्हॉलला पाणी येऊ द्या, मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो आणि केळी लावतो. ते आप्पांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. म्हातारी घरात एकटीच भांड्यांशी बोलते, असंही सांगितलं होतं, एकदाच.

मग ती सहावी निवडणूक आली.

धर्मशाळेत नावं ठरली. त्यात चेअरमनचा पुतण्या होता. तरणाबांड, गाडी उडवणारा. बारावा अर्ज आप्पांचा, सूचक चेअरमन स्वतः. माघारी पाकिटात, पाकीट कपाटात. सगळं रीतीप्रमाणे.

छाननीच्या दिवशी पुतण्या पेढ्यांचा खोका घेऊन आला. निवडणूक अधिकाऱ्यांपुढे धरला. साहेबांनी एक उचलला, निम्मा खाल्ला आणि सहज विचारलं, कशाचे? पुतण्या छाती काढून म्हणाला, मुलगा झाला साहेब, दोन मुलींवर.

साहेबांनी उरलेला अर्धा पेढा कागदावर ठेवला.

दोनपेक्षा जास्त मुलं असली की माणूस सोसायटीचा संचालक होऊ शकत नाही. हे मला माहीत, चेअरमनला माहीत, सगळ्या मंडळाला माहीत. आणि त्याच पोराच्या बारशाला पंधरवड्यापूर्वी आम्ही सगळे पंगतीत बसून जेवून आलो होतो. मी तर बासुंदी दोनदा घेतली होती. आनंदाच्या भरात एकाच्याही डोक्यात हा नियम आला नाही. माणसाने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तो असा, आणि वर पेढे वाटावेत. अर्ज जागच्या जागी बाद झाला.

अकरा जागा, आता अकराच अर्ज. अकरावा आप्पांचा.

आप्पा दाराजवळ उभे होते, त्यांना उमगलंच नाही. मी त्यांना बाहेर नेऊन समजावलं की आता माघारीची मुदत सरली की तुम्ही संचालक, कुणी काही करायची गरज नाही. ते ओट्यावर खाली बसले. कितीतरी वेळ त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. मग विचारलं, “मंग मीटिंगमा मी बोलू शकस?”

मी म्हटलं, बोलू शकता आणि ठरावही मांडू शकता.

माघारीची मुदत पंधरा दिवसांची होती. त्या पंधरा दिवसांतले आप्पा मी पुन्हा पाहिले नाहीत. रोज दुपारी माझ्याकडे यायचे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी बारा खातेदारांच्या पाळ्या मांडल्या होत्या. वरच्या कुणाचा थेंब तोडायचा नाही, फक्त आठवड्यातला एक दिवस उलटीकडून सुरुवात करायची, खालून वर. इतकी साधी गोष्ट की मला लाज वाटली, तीस वर्षांत माझ्या डोक्यात आली नाही. त्यांना काळजी एकच, मीटिंगमध्ये शुद्ध बोलावं लागेल का? मी त्यांना वाक्य लिहून दिलं. ‘शेवटच्या व्हॉलच्या पाळीबाबतचा ठराव मी मांडतो.’ ते पाठ करायचे. ‘मांडतो’पाशी आवाज थोडा चढायचा. म्हातारीने शर्ट शिवायला टाकला. मुलाने सुरतेहून फोन करून केळीच्या रोपांचा भाव काढायला सांगितला आणि चार दिवसांची सुट्टी टाकून तो घरी आलासुद्धा.

पंधराव्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर चेअरमन दारातच. म्हणाले, पाकीट काढ.

मला कळलं होतं तरी मी न कळल्यासारखं केलं. कुठलं पाकीट? ते म्हणाले, वेड पांघरू नको, डमीची माघार दे. जागा रिकामी राहिली तर ती मंडळाने भरायची असते, तिथे मोठ्या भावाला घेऊ, म्हणजे पुतण्याच्या बापाला. मी चाचरत विचारलं, आप्पांना विचारलं का? चेअरमन माझ्याकडे बघतच राहिले, जणू मी पंपाला विचारायला सांगितलं होतं.

“इचारानं काय? सही त्यानीच शे ना?”

मग ते शांतपणे बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तो माणूस चांगला आहे, पण तो पाणी मागणार. आज तो मागेल, उद्या वरचे ओरडतील, परवा गावात मतपेटी येईल. तुझीही नोकरीची थोडीच वर्षं राहिली. गावाची रीत तू मोडू नको.

वाचकहो, नोकरीचं निमित्त मी सांगणार नाही. मंडळाने मला काढलं असतं की नसतं, ते मी अजमावलंच नाही. करगोट्याची किल्ली काढली, कपाट उघडलं, पाकिटातून आप्पांचा कागद काढला. तारखेची जागा कोरी होती. चेअरमन म्हणाले, घाल. मी घातली. माझ्या पेनाने, माझ्या अक्षरात. चेअरमन कागद घेऊन शेजारच्या खोलीत साहेबांकडे गेले.

अकराच्या सुमाराला आप्पा आले. नवा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच. मागे मुलगा आणि शेवटच्या व्हॉलचे चार-पाच जण. फलकावर माघारीची नोंद लागली होती. आप्पांनी ती वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी तं आतेच उन्हू.” मी तर आत्ताच येतोय.

मी फाइलमध्ये काहीतरी शोधत होतो. काय शोधत होतो देव जाणे.

मुलगा साहेबांच्या खोलीत शिरला आणि चढ्या आवाजात बोलू लागला. साहेब सज्जन होते. त्यांनी आप्पांना आत बोलावलं, कागद पुढे ठेवला आणि स्पष्ट विचारलं, ही सही तुमची आहे का? नसेल तर तसं सांगा, मी माघार धरणार नाही. खोली गच्च भरली होती. चेअरमन खिडकीपाशी. आप्पांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर ते संचालक होते. पण मग खोटा कागद दिला म्हणून चेअरमनवर आलं असतं, वेशीवरचा बोर्ड उतरला असता, आणि आप्पा जन्मात खोटं बोलले नव्हते.

त्यांनी कागद हातात घेतला. आधी सही पाहिली. मग तारीख पाहिली. तारखेवर जरा जास्त वेळ थांबले. माझ्या हातचं लिहिलेलं त्या माणसाने तीस वर्षं वाचलं होतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि कागद परत ठेवला.

“मन्हीच शे साहेब.”

मुलगा त्याच दिवशी सुरतेला परतला. बापाशी न बोलता, असं नंतर कळलं.

त्या वर्षी हार आणायला कुणी गेलं नाही. चेअरमनने फोन करून मागवले. आप्पांनी सोसायटीची पायरी सोडली ती सोडलीच. रस्त्यात दिसले तर राम राम करायचे, तोही आधी तेच. त्यानेच मला झोप लागेना. शेवटी दिवाळी झाल्यावर मी त्यांच्या वावरात गेलो. ते कापूस वेचत होते. बांधावर बसवून त्यांनी मला पाणी दिलं. मी म्हटलं, आप्पा, ती तारीख मी घातली.

“माहीत शे,” ते म्हणाले. थोडा वेळ हातातल्या कापसातली काडी काढत बसले. “तुले नही म्हनता उनं नही. साहेबनी इचारं तवय माले बी नही उनं.”

शिव्या दिल्या असत्या तर मी हलका होऊन परतलो असतो. नाही म्हणता न येणाऱ्यांच्या आपल्याच पंगतीत त्यांनी मला बसवलं. ते मला आजही सोसत नाही.

त्या उन्हाळ्यात म्हातारीला दम्याने धरलं. मुलगा येऊन दोघांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. वावर कसायला द्यावं लागलं, आणि ते घेतलं चेअरमनच्या मोठ्या भावाने, म्हणजे आप्पांच्या जागेवर बसलेल्या नव्या संचालकाने. पुढच्याच मीटिंगमध्ये त्यांनी ठराव मांडला की आठवड्यातून एक दिवस पाळी खालून वर सुरू करावी. ठराव एकमताने पास झाला. प्रोसिडिंग मीच लिहिलं. शेवटच्या व्हॉलला पाणी आलं. आप्पांच्या वावरात केळी लागली, आणि वर्षभरात पलीकडचा रस्ता दिसेनासा झाला.

एकदा दुपारी सुरतेहून फोन आला. आवाज खोल गेलेला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं की शेवटच्या व्हॉलला पाणी येतं असं ऐकलं, ते खरं का. मी म्हटलं, येतं. त्यांनी विचारलं, सगळ्यांना? मी म्हटलं, सगळ्यांना येतं आप्पा, बारा जणांना.

“बरं झायं,” ते म्हणाले. कुणाच्या ठरावाने आलं, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पावसाळ्यात ते तिकडेच गेले. गावात बातमी यायला आठ दिवस लागले. कुणीतरी मोबाइलवर फोटो टाकला, खाली हात जोडलेल्यांची रांग लागली.

वार्षिक सभेत पहिला ठराव श्रद्धांजलीचा असतो. माजी संचालक कुणी गेले असतील तर त्यांची नावं वाचायची. बाकीच्यांना ‘दिवंगत सभासद’ म्हणून एका ओळीत गुंडाळायचं. मी माजी संचालकांत आप्पांचं नाव घातलं आणि खणखणीत वाचलं. लोक उभे राहिले. दोन मिनिटं झाली, लोक बसले. सभा संपल्यावर सहीला वही पुढे ठेवली तेव्हा चेअरमन त्या ओळीवर थांबले. म्हणाले, हे संचालक कधी होते?

मी म्हटलं, पंधरा दिवस.

ते म्हणाले, खोड. मी म्हटलं, मी नाही खोडणार. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं, तेही माणूस गेल्यावर. वरातीमागून घोडं. चेअरमनने स्वतःचं पेन काढून नाव खोडलं, बाजूला छोटी सही केली आणि चहा सांगितला.

मग मी राजीनामा दिला, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. दिला नाही. आणखी तीन वर्षं नोकरी केली. त्यात एक निवडणूक आली. धर्मशाळेत नावं पुकारली गेली, डमी म्हणून एका नव्या माणसाला उभं केलं, माघारीचे कागद मी माझ्या हाताने टाइप करून आणले आणि सह्या घेतल्या. तीही बिनविरोध झाली.